‘रिफ्रेश करू नका’ ही पाटी आधी काढा

पेमेंटच्या पानावर चक्र गरगर फिरत असतं आणि खाली लाल अक्षरांत ओळ: ‘कृपया रिफ्रेश करू नका, बॅक दाबू नका.’ तळपायाची आग मस्तकात जाते. ग्राहकाने बटण एकदा जास्त दाबलं म्हणून खात्यातून दोनदा पैसे जाणार असतील, तर दोष तुमच्या सर्व्हरचा आहे, त्याच्यावर काय ढकलता?

आणि त्याने बटणाला हातही लावला नाही तरी विनंती दोनदा जातेच. ॲपचा टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट पाहायची मुदत, १० सेकंदांची, बँकेचं उत्तर आलं बाराव्या सेकंदाला. पैसे कापले गेले, ॲपला वाटलं फसलं, त्याने पुन्हा पाठवलं. अहो, टाइमआउट झाला म्हणजे व्यवहार झाला की नाही ते कळलेलं नाही, एवढंच! त्यात ॲप ३ वेळा प्रयत्न करणार, त्या प्रत्येकामागे मधला गेटवे ३ वेळा, त्या प्रत्येकामागे आतली सर्व्हिस ३ वेळा. एका खरेदीपायी शेवटच्या टोकाला २७ विनंत्या धडकू शकतात.

वेबच्या विनंत्यांचे प्रकार असतात. त्यातल्या पुट (ठेवा), डिलीट (काढा) कितीदाही पाठवा, परिणाम एकदा पाठवल्यासारखाच व्हायला हवा. पोस्ट या प्रकाराला तशी हमी नाही. एचटीटीपीच्या, म्हणजे वेबवरच्या देवाणघेवाणीच्या, मानकातच हे लिहिलंय. तरी पैसे कापणारं पोस्ट डोळे झाकून रिट्राय करतात, म्हणजे पुन्हा पाठवतात.

मग कोणीतरी आयडेम्पोटन्सी की घालतो, म्हणजे ‘ही तीच विनंती’ हे सर्व्हरला ओळखता यावं म्हणून सोबत जाणारा खुणेचा क्रमांक. कुठे? रिट्रायच्या लूपच्या आत! दर प्रयत्नाला नवा यूयूआयडी, म्हणजे नवाच अनन्य क्रमांक. अशी की असली काय नि नसली काय. की पहिल्या विनंतीच्या आधी तयार करा, फोनवर साठवा, ॲप बंद पडून उघडलं तरी तीच पाठवा.

सर्व्हरवर तर आणखी आनंद. आधी सिलेक्ट (की टेबलात आहे का ते शोधा), सापडलं नाही तर इन्सर्ट (नोंद घाला). दोन विनंत्या ५ मिलिसेकंदांच्या अंतराने आल्या की दोघींनाही टेबल रिकामं दिसतं आणि दोघीही पैसे कापतात. स्वतःच्या लॅपटॉपवर एकेक विनंती पाठवून तपासणाऱ्याला हे जन्मात दिसणार नाही. कीच्या कॉलमवर युनिक कॉन्स्ट्रेंट, म्हणजे एकच की दोनदा न घेण्याची डेटाबेसची अट, लावा आणि थेट इन्सर्ट करा. जिचा इन्सर्ट फेटाळला जाईल तिला पहिलीचं साठवलेलं उत्तर द्या; पहिली अजून चालू असेल तर ४०९, म्हणजे ‘टक्कर झाली’ असा एचटीटीपीचा कोड. की तीच पण रक्कम ५०० ची ७०० झाली असेल, तर सरळ नकार द्या.

बँकेचा कॉल डेटाबेसच्या ट्रान्झॅक्शनमध्ये मावत नाही, म्हणजे डेटाबेसमधली नोंद मागे घेतली तरी बँकेने कापलेले पैसे मागे येत नाहीत, हेही दरवेळी सांगावं लागतं. आधी संदर्भ क्रमांकासह ‘सुरू’ अशी नोंद कमिट (पक्की) करा, मग त्याच क्रमांकाने बँकेला पैसे कापायला सांगा. मध्येच सर्व्हर कोसळला तर उठल्यावर त्या क्रमांकाची स्थिती तपासा, नवा क्रमांक काढून पुन्हा कापायला जाऊ नका.

आणि की रेडिसमध्ये, म्हणजे मेमरीत चालणाऱ्या झटपट साठ्यात, ५ मिनिटांच्या मुदतीने ठेवणाऱ्यांनो, सर्व्हर एकमेकांना काम पाठवतात त्या रांगेत अडकलेला मेसेज दोन तासांनी पुन्हा आला तर काय कराल? ॲमेझॉनच्या एसक्यूएस या मेसेज-रांगेच्या सेवेतली साधी रांग तर मेसेज एकाहून जास्त वेळा येऊ शकतो असं आधीच बजावते. निदान २४ तास तरी की टिकवा.

एवढं न केल्यावर ग्राहकाला मेसेज जातो, ‘रक्कम ५ ते ७ कामकाजाच्या दिवसांत परत येईल.’ महिनाअखेरीला त्याच्या खात्यात १२०० होते. ५०० दोनदा गेले. आता २०० रुपयांत त्याने आठवडा काढायचा, कारण कोणीतरी टेबलावर युनिक कॉन्स्ट्रेंट लावला नाही.