चेंडू एक, गणितं दोन

१५ मीटर उंच गच्चीवरून कोणीतरी सेकंदाला २० मीटर वेगाने, क्षितिजाशी ३० अंशांचा कोन करून चेंडू भिरकावतो. का, ते पेपर काढणाराच जाणे! हवेचा रोध 'नगण्य माना' म्हणून आधीच हाकललेला. तो पडणार कुठे, ते मात्र मी सांगायचं.

तिरक्या वेगाशी थेट झुंजण्यात अर्थ नाही, त्याचे दोन घटक करायचे. आडवा २० कोसाइन ३०, म्हणजे १७.३२, उभा २० साइन ३०, म्हणजे १०. कोन उभ्या रेषेशी दिला असेल तर साइन आणि कोसाइनची अदलाबदल होते. आणि कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं एकक) राहिला तर साइन ३० चं उत्तर येतं उणे ०.९९. मग चेंडू वर जायच्या ऐवजी जमिनीकडेच झेपावतो.

आता कागदावर मधोमध रेघ मारायची. घटकांची वाटणी झालेल्या भावांसारखी फारकत. सामाईक फक्त घड्याळ. गुरुत्वत्वरण (गुरुत्वामुळे दर सेकंदाला वेगात होणारा बदल, सोयीसाठी १०) उभ्याच्या वाट्याला. आडवा १७.३२ शेवटपर्यंत तसाच, अगदी शिखरावरसुद्धा. तिथे शून्य होतो तो फक्त उभा वेग, पण अख्खा चेंडूच हवेत थांबवणारे महाभाग कमी नाहीत.

चढायला १ सेकंद लागतो, म्हणून दुप्पट करून २ लिहायचा मोह होतो. ती दुप्पट फेकल्या उंचीवरच परत येणाऱ्या चेंडूला लागू. आपला गच्चीच्याही खाली जाणार. वरची दिशा अधिक धरली, तर जमीन उणे १५ वर. वेळेला ट म्हणू. उभं अंतर म्हणजे उभा वेग गुणिले ट, वजा निम्मं त्वरण गुणिले ट²:

−१५ = १०ट − ५ट²

म्हणजे ट² − २ट − ३ = ०. १५ च्या आधीचं ते उणे गाळलं की वर्गमुळाखाली उणे ८ उगवतं. त्यात समीकरणाचा काही दोष नाही. जेमतेम ५ मीटर चढणाऱ्या चेंडूला आपण १५ मीटर वर चढायला सांगितलेलं असतं.

उत्तरं दोन: ३ आणि उणे १. उणे एकाची मला दया येते, कारण सगळे त्याला न बघता खोडतात. खरं तर हाच चेंडू जमिनीवरून निघून गच्चीपाशी याच वेगाने पोचायचा असता, तर एक सेकंद आधी उडवावा लागला असता, एवढंच ते सांगतं. आपल्याला हवेत ३ सेकंद. १७.३२ गुणिले ३, सुमारे ५२ मीटर. चेंडू पडला. आता प्रश्नाचा उपप्रश्न (ब): आपटताना वेग किती?