"मेलेला देवमासा दाखवा" म्हणणाऱ्यांना उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो तीन ग्रुपांवर आला आणि चौथ्यांदा खुद्द माझ्या मामेभावाने पाठवला. दादा समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर काम करतो, १४ दिवस पाण्यावर आणि १४ दिवस घरी. त्याने पाठवला म्हणून मी तो पुन्हा नीट वाचला. थोडक्यात मजकूर असा:

"समुद्रात तेल शोधताना होणाऱ्या आवाजाने एकही देवमासा मेल्याचा पुरावा जगात कुठेही नाही. अलास्काच्या समुद्रात इतकी वर्षं तेल शोधतात, तिथले देवमासे उलट वाढलेत. प्लॅटफॉर्मच्या खांबांभोवती मासे आणि डॉल्फिन जमतात, म्हणजे त्यांना ते मानवतं. तरीही बाहेरच्या पैशावर चालणारे पर्यावरणवाले नियमांचा खोडा घालतात आणि तेल महाग करतात."

दादाच्या घरची चूल तेलावर पेटते आणि माझी गाडीही तेलावरच चालते. तेव्हा तेल काढूच नका, असं मी म्हणणार नाही. पण या मेसेजमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्ध्यावर तोडलेलं आहे, आणि तोडलेला भागच महत्त्वाचा आहे.

पहिलं वाक्य घ्या. अमेरिकेत समुद्रातल्या तेलाचे पट्टे देणाऱ्या सरकारी विभागाने २०१४ साली असं म्हटलं होतं की, एअरगनच्या आवाजाने सागरी प्राण्यांच्या एकूण संख्येवर वाईट परिणाम झाल्याचा नोंदलेला शास्त्रीय पुरावा नाही. "एकूण संख्येवर" हे शब्द गळाले आणि उरलं ते "काहीच होत नाही". एअरगन म्हणजे दाबलेल्या हवेचा बार. सर्वेक्षणाचं जहाज अशा एअरगनची रांग मागे ओढत जातं आणि दर १०-१५ सेकंदांनी बार काढतं. हे दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे चालतं. आवाज तळाच्या खडकात शिरतो, परत येतो, आणि त्यावरून तेल कुठे आहे याचा अंदाज बांधतात. पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो आणि खर्जातला आवाज तर फार लांब पोचतो. अटलांटिकच्या मधोमध ठेवलेल्या हायड्रोफोननी, म्हणजे पाण्याखालच्या मायक्रोफोननी, ३,००० किलोमीटरहून दूरच्या एअरगन टिपल्या आहेत. शाळेत आपण पाठ केलं होतं, भारताची दक्षिणोत्तर लांबी ३,२१४ किलोमीटर. तेवढ्या अंतरावरून बार ऐकू येतो. आणि मोठे देवमासे एकमेकांशी बोलतात तेही याच खर्जात.

देवमाशाला पाण्यात डोळ्यांनी फार लांबचं दिसत नाही. पिल्लू कुठे आहे, जोडीदार कुठे आहे, हे तो कानांनी जाणतो. त्यामुळे "मेला का?" एवढंच विचारणं म्हणजे एखाद्या वस्तीत महिनाभर रात्रंदिवस सुरुंग लावायचे आणि शेवटी म्हणायचं, कुठे कोण मेलं? अमेरिकेचा सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. त्यातही प्रश्न फक्त मृत्यूचा नाही. प्राण्याला जखम होईल किंवा त्याचं स्थलांतर, श्वास घेणं, पिल्लाला पाजणं, खाणं, आसरा घेणं यात व्यत्यय येईल असं काहीही त्या कायद्यात 'त्रास' म्हणून मोजलं जातं, आणि त्यासाठी आधी परवानगी लागते. मेसेजने मुळात कायद्याचा प्रश्नच बदलून टाकला आहे.

आणि प्रेत दाखवायचंच म्हटलं, तर ते येणार कुठून? जून २०१५ मध्ये रेवदंड्याला ४२ फुटी निळा देवमासा किनाऱ्याला लागला तेव्हा बघायला माणसं लोटली होती. तो मृत्यू मी तेलाच्या खात्यावर मांडत नाही. मुद्दा वेगळा आहे. जो किनाऱ्याला लागतो तोच आपल्याला दिसतो, बाकीचे बुडतात. मेक्सिकोच्या आखातात देवमासे-डॉल्फिनच्या एकूण मृत्यूंपैकी किती प्रेतं हाती लागतात याचा शास्त्रज्ञांनी हिशेब केला, तेव्हा सरासरी निघाली अवघी २ टक्के.

आता अलास्का. या मुद्द्यावर मी जरा थांबणार आहे, कारण मेसेजचा सगळा डोलारा त्याच खांबावर उभा आहे आणि खरी गोष्ट मेसेजपेक्षा कितीतरी मोठी आहे.

अलास्काच्या उत्तरेला बोफर्ट समुद्र आहे. तिथे बोहेड देवमासा राहतो. लांबी १८ मीटरपर्यंत, अंगावर चरबीचा जाड थर, आणि डोकं असं की बर्फ खालून फोडून श्वास घेतो. आयुष्य २०० वर्षांहून जास्त असू शकतं. २००७ साली तिथे मारलेल्या एका बोहेडच्या अंगात १९व्या शतकातल्या भाल्याचा तुकडा रुतलेला सापडला होता. त्याच शतकात अमेरिकेच्या व्यापारी जहाजांनी या देवमाशांची कत्तल केली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मागे मोजके उरले. पुढे ते वाढले, हे खरंच आहे. २००१ मध्ये अंदाज होता सुमारे १०,५००, आणि २०११ मध्ये जवळपास १७,०००. पण ही वाढ व्यापारी शिकार थांबल्यामुळे झाली. टायफॉइडमधून उठलेल्या माणसाचं वजन वाढतंय, म्हणून त्याच्या घरातला धूर त्याला मानवतो असा निष्कर्ष कुणी काढत नाही.

त्या किनाऱ्यावर इन्यूपिअट लोकांची गावं आहेत. हजारो वर्षं ते बोहेडची शिकार करतात, पोटापुरती, आणि मांस गावात वाटून खातात. १९७७ साली देवमाशांच्या शिकारीचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने त्यांच्या शिकारीवर बंदी घातली, कारण तेव्हाच्या मोजणीप्रमाणे देवमासे फार थोडे उरले होते. बर्फात उघडलेल्या पाण्याच्या पट्ट्यातून जाणारे तेवढेच शास्त्रज्ञ मोजत होते. शिकारी सांगत होते, देवमासे बर्फाखालूनही जातात, लांबूनही जातात, तुमची मोजणी तोकडी आहे. त्यांनी आपला आयोग स्थापला आणि पुढे शास्त्रज्ञांबरोबर मोजणीला बसले. बर्फाखाली हायड्रोफोन सोडले, विमानं फिरवली. शिकारी बरोबर निघाले.

हेच लोक आवाजाबद्दलही सांगत होते. वसंतातल्या शिकारीत बर्फाच्या कडेला तळ पडतो, तेव्हा तिथे कुणी मोठ्याने बोलत नाही. अंगावर पांढरे कपडे, कातड्याची होडी, वल्ह्याचा आवाज होणार नाही असं वल्हवायचं. भांडं आपटलं तरी वडीलधारे रागावतात, कारण देवमासा ऐकतो. शरद ऋतूतल्या शिकारीच्या वेळी समुद्रात सर्वेक्षणाची जहाजं आली की देवमासे लांबून जातात, होड्यांना खूप आत जावं लागतं आणि ओढून आणेपर्यंत मांस खराब होतं, अशी त्यांची तक्रार होती. तेलवाल्यांचे तज्ज्ञ बरीच वर्षं म्हणत राहिले की, देवमासे फार तर सात-आठ किलोमीटर बाजूला होतात. मग १९९६ ते १९९८ या तीन हंगामांत विमानातून नीट पाहणी झाली. स्थलांतर करणारे बोहेड चालू एअरगनपासून २० ते ३० किलोमीटर लांब राहत होते. पुन्हा शिकारीच बरोबर.

पुढे हायड्रोफोनवरून आणखी बारीक गोष्ट कळली. दूरवरच्या एअरगनचा आवाज नुकता ऐकू यायला लागला की बोहेड आधी जास्त बोलायला लागतात. आवाज वाढत गेला की बोलणं कमी होत जातं, आणि एका पातळीनंतर जवळपास गप्पच होतात. बाजारात आपण आधी आवाज चढवतो आणि बँड अगदी कानाशी आला की बोलणंच सोडून देतो, तसंच. ही नोंद फक्त कुतूहलाची नाही. पाण्यात कान लावून "इथे देवमासे नाहीत, बार काढा" असं ठरवणाऱ्याला गप्प झालेला देवमासा सापडणारच नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. उन्हाळ्यात चरायला थांबलेले बोहेड एअरगनच्या बरेच जवळ येतात. मेसेजवाले ही उदाहरणं पुढे करतात. पण पंगतीत भुकेला बसलेला माणूस बाहेर ढोल वाजतोय म्हणून पान सोडून उठत नाही, याचा अर्थ त्याला ढोल आवडतो असा होत नाही. तसंच, सगळे आवाज सारखे नसतात हेही मान्य. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर प्रुढो बेजवळ भराव टाकून केलेल्या नॉर्थस्टार बेटावरून २००१ पासून तेल निघतं. तिथल्या नोंदींत आवाज वाढला की देवमाशांचा मार्ग थोडाच सरकलेला दिसतो. विहीर चालवणं वेगळं आणि एअरगन लावून शोध घेणं वेगळं. म्हणूनच नियम सरसकट नसतात, कामागणिक असतात.

"बाहेरच्या पैशावर चालणारे" हा आरोप तर अलास्कात अजिबात टिकत नाही. तिथे नियम मागणारे लोक त्याच किनाऱ्यावरचे आहेत. त्यांच्या नॉर्थ स्लोप बरोचा, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेचा, बहुतेक महसूल तेल कंपन्यांच्या मालमत्ता करातून येतो. शाळा, दवाखाने त्यावर चालतात. त्याच पैशातून त्यांनी स्वतःचा वन्यजीव विभाग उभा केला आणि देवमासे मोजले. १९८०च्या दशकापासून ते तेल कंपन्यांशी दरवर्षी करार करतात: शिकारीच्या दिवसांत जहाजं कुठे थांबतील, होड्यांशी संपर्क कसा ठेवायचा. २०१२ साली शेल कंपनीने बोफर्टमधलं विहीर खोदण्याचं काम गावांची शिकार आटोपल्यावरच सुरू केलं. दादासारखीच ही तेलावर जगणारी माणसं. त्यांनी तेलही नाकारलं नाही आणि देवमासाही सोडला नाही.

खांबांभोवती मासे जमतात, हे खरं आहे. खांबांना शिंपले लागतात, मासे येतात, त्यांच्यामागे डॉल्फिन येतात. दादाने मला असे व्हिडिओ दाखवले आहेत आणि ते बघताना मलाही आनंद झाला. पण चांगल्या दिवसाचा व्हिडिओ वाईट दिवसाबद्दल काही सांगत नाही. २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन रिगवर स्फोट झाला. ११ कामगार गेले, दादासारखेच पाळीवर आलेले. ८७ दिवस तेल वाहत राहिलं. लुइझियानाच्या बरटारिया उपसागरातले डॉल्फिन पुढच्या वर्षी पकडून तपासले, तेव्हा तेल न पोचलेल्या ठिकाणच्या डॉल्फिनपेक्षा त्यांच्यात फुप्फुसाचे आजार पाचपट आढळले. १० गाभण माद्यांवर लक्ष ठेवलं. दोघींचीच पिल्लं जगली.

त्याच आखातात राइस देवमासा राहतो. स्वतंत्र प्रजाती म्हणून त्याला २०२१ मध्ये नाव मिळालं. जगात उरलेत सुमारे ५०, आणि सगळे याच पाण्यात. रात्री ते पृष्ठभागाच्या अगदी जवळ असतात आणि तिथेच जहाजांची ये-जा चालते. तेल-वायूच्या कामाला जोडलेल्या जहाजांच्या धडकांमुळे ही प्रजाती धोक्यात येते, असं अमेरिकेच्या मत्स्यसेवेने मे २०२५ मध्ये आपल्या अधिकृत मतात लिहिलं. तिथे एक मादी मेली तरी तो नुसता आकडा नसतो.

राहिला नियमांचा खोडा. नियम प्रत्यक्षात कसा दिसतो ते सांगते. एअरगन सुरू करायच्या आधी डेकवर दुर्बीण घेतलेला निरीक्षक अर्धा तास पाणी बघतो. ठरलेल्या अंतरात, आखातात सहसा ५०० मीटर, देवमासा नसेल तर आधी एकच एअरगन सुरू होते आणि मग हळूहळू बाकीच्या, म्हणजे जवळ कुणी असेल तर त्याला निघून जायला वेळ मिळावा. मधे देवमासा आत आला की बार बंद. रात्री आणि धुक्यात डोळे चालत नाहीत, तेव्हा हायड्रोफोन. या नियमांखाली २०२४ मध्ये आखातातून रोज १७-१८ लाख बॅरलच्या आसपास तेल निघालं. रशियाच्या साखालिन बेटाजवळ करड्या देवमाशांच्या चरण्याच्या जागेतून पाइपलाइन जाणार होती. स्वतंत्र शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला, कर्ज देणाऱ्या बँकांनी प्रश्न विचारले, आणि २००५ मध्ये कंपनीने ती सुमारे २० किलोमीटर दक्षिणेला हलवली. प्रकल्प बुडाला नाही. २००९ पासून तिथून द्रवरूप वायू जपानला जातोय.

माझी तक्रार उलटी आहे. नियम तोकडे आहेत. एअरगनच्या आवाजाने 'त्रास' कधी होतो, यासाठी अमेरिकेत वर्षानुवर्षं १६० डेसिबलची रेघ धरली आहे. बोहेड मात्र त्याच्या कितीतरी खालच्या पातळीला मार्ग बदलतात, हे वरच्या २०-३० किलोमीटरच्या अंतरावरूनच कळतं. ५०० मीटरपर्यंत बघणारा निरीक्षक २० किलोमीटरवर वळलेल्या देवमाशाला काय पाहणार? म्हणून मोसम आणि जागा बघून काम थांबवणं, जसं इन्यूपिअट लोकांनी करारात मिळवलं, ते मला दुर्बिणीपेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

आपल्याकडचं सांगायचं तर मुंबई हायचा शोध १९७४ चा, आणि तेल १९७६ पासून. त्याच अरबी समुद्रात कुबड्या (हंपबॅक) देवमाशांचा एक वेगळा समूह आहे. बाकी ठिकाणचे कुबडे देवमासे थंड पाण्यात चरायला जातात, हे मात्र वर्षभर इथेच राहतात. ओमानजवळ त्यांची मोजणी झाली तेव्हा अंदाज शंभराच्याही खालचा निघाला. ओमानला उपग्रहाची खूण लावलेली त्यांच्यातली एक मादी, नाव लुबान, २०१७ च्या अखेरीस अख्खा अरबी समुद्र ओलांडून भारताच्या किनाऱ्याकडे आली आणि पार दक्षिण टोकापर्यंत गेली.

हे सगळं मी दादाला फोनवर सांगितलं. तो बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, "आमच्या बाजूला सर्व्हेचं जहाज येतं तेव्हा डेकवर दुर्बीण घेऊन कोण असतं, ते मी या पाळीला विचारून येतो." सोमवारी तो हेलिकॉप्टरने परत गेलाय.