पडलं तर जबाबदार कोण?

माझे बालपण साताऱ्यात चिमणपुऱ्याच्या वरच्या अंगाला गेले, अजिंक्यताऱ्याचा उतार जिथे वस्तीला येऊन टेकतो तिथे. आमच्या घरामागे पावसाळ्यापुरता वाहणारा एक ओढा होता आणि त्याच्या दोन्ही काठांना उंबर, चिंच, भोकर, करंज अशी दाट झाडी होती. ही जागा कोणाच्या मालकीची, हा प्रश्न आम्हा मुलांना कधी पडला नाही. गेल्या महिन्यात मात्र त्या झाडीचे काय करावे यावरून गल्लीत दोन तट पडल्याचे कळले. पहिल्या तटाचे म्हणणे असे की तिथे कचरा साठतो, रात्री दारू पिणारे बसतात, शिवाय किल्ल्याच्या परिसरात बिबट्या दिसल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. तेव्हा जाळी ठोकून, पेव्हर ब्लॉकची वाट करून, व्यायामाची चार यंत्रे आणि एक घसरगुंडी बसवून बाग करून टाकावी. दुसरा तट पर्यावरणप्रेमींचा. एकाही झाडाला हात लावू नये आणि शक्यतो कोणाला आतही सोडू नये, असे त्यांना वाटते. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे हे भांडण मी इकडे जर्मनीत, फ्रायबुर्गला, रात्री मुलीला झोपवून झाल्यावर, रोज वाचते. माझे मत कोणी विचारलेले नाही.

दोन्ही बाजू इतक्या अटीतटीने भांडत असताना एका मुद्द्यावर मात्र त्यांचे बिनबोभाट एकमत झाले आहे, आणि मला खटकते ते नेमके तेच. बाग होवो की राखीव झाडी राहो, दारावर ‘झाडावर चढू नये’ अशी पाटी लागणार, हे सर्वांनी गृहीत धरले आहे.

ओढ्याकाठच्या त्या चिंचेवर आम्ही सूरपारंब्या खेळत असू. वडाच्या पारंब्या आमच्या नशिबी नव्हत्या, पण चिंचेच्या आडव्या फांद्यांनी ती उणीव भासू दिली नाही. रिंगणातली काठी टांगेखालून जमेल तितकी लांब भिरकावायची, ज्याच्यावर राज्य त्याने ती शोधून परत रिंगणात ठेवेपर्यंत बाकीच्यांनी वर चढून बसायचे, आणि मग त्याची नजर चुकवून खाली उतरून काठीला हात लावायचा. कोणती फांदी दोघांचे वजन पेलते, कोणती वाळून पोकळ झाली आहे, पावसानंतर साल कुठे निसरडी होते, हे ज्ञान मोठ्या मुलांकडून लहानांकडे आपोआप येई. गुडघा फुटला तर दगडीपाला चोळून त्याचा रस लावायचा, खाजकुयलीच्या वाऱ्याला उभे राहायचे नाही, करवंदीच्या जाळीत हात घालण्याआधी काठीने हलवून पाहायचे, हेही त्यातच आले.

नऊ वर्षांची असताना मी त्या चिंचेवरून पडले आणि माझा डावा हात मोडला. मला उचलून घरी आणले ते शेळ्या चारणाऱ्या एका मामांनी, ज्यांचे नाव आम्हाला ठाऊक नव्हते. आईने आधी मला आणि मग शेजारच्या थोरल्या मुलाला यथेच्छ बोलून घेतले. वडिलांनी एवढेच विचारले, ‘‘कुठली फांदी?’’ दुसऱ्या दिवशी गल्लीतले सुतारकाका करवत घेऊन गेले आणि ती वाळकी फांदी कापून आले. झाड तोडावे, वाट बंद करावी किंवा जागेच्या मालकाला जाब विचारावा, असे कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही. ‘‘कुणाची गं तू?’’ असे विचारून कोणत्याही मुलाला रागावण्याचा अधिकार गल्लीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला होता, आणि त्या अधिकारामागे मुलाची काळजी वाहण्याची जबाबदारीही होतीच.

या आठवणींना सोन्याचा मुलामा देण्याची मात्र माझी इच्छा नाही. बारावे वर्ष लागले तसे मला आणि माझ्या मैत्रिणींना ओढ्याकडे जायला बंदी झाली. मुलगे पुढेही जात राहिले. आमच्याच वयाच्या काही मुली त्याच झाडीतून सरपणाची मोळी घेऊन उतरत असत, आणि आम्ही खेळत असताना त्या थांबून पाहत असत. ‘आमच्या वेळी सगळी मुले रानात बागडायची’ असे ग्रुपवर कोणी लिहिले की मला त्या मोळ्या आठवतात.

आता इथले सांगते. फ्रायबुर्ग शहराच्या हद्दीतला चाळीस टक्क्यांहून अधिक भाग जंगलाने व्यापलेला आहे, आणि माझी मुलगी तीन वर्षे ज्या बालवाडीत गेली तिला इमारत नव्हती. जंगलाच्या कडेला लाकडी डबा असलेली एक गाडी, आणि बाकी सारा वेळ बाहेर. डेन्मार्ककडून आलेली ही पद्धत जर्मनीत १९९३ मध्ये फ्लेन्सबुर्गच्या बालवाडीला सरकारी मान्यता मिळाल्यापासून फोफावली, आणि आज अशा बालवाड्या दीड हजारांहून अधिक आहेत. मुले चाकूने काठ्या तासतात, ओंडक्यांवर चढतात, पावसात भिजतात. फक्त वादळाच्या दिवशी त्यांना पक्क्या छपराखाली नेतात. इथे बिबट्या नाही, पण गोचीड आहे, आणि तिच्यामुळे मेंदूला सूज आणणारा आजार होऊ शकतो म्हणून मुलीला लस टोचून घेतली. संध्याकाळी तिच्या कानामागे आणि काखेत गोचीड शोधणे हा आमच्या घरचा परवचाच झाला आहे.

हे सगळे जर्मन माणसाच्या निसर्गप्रेमातून आले, असे मला सुरुवातीला वाटे. आता वाटते की त्यामागे कायद्यातली एक छोटी तरतूद आहे. १९७५ च्या इथल्या वनकायद्यानुसार विरंगुळ्यासाठी कोणीही कोणाच्याही जंगलात पायी जाऊ शकतो, मात्र स्वतःच्या जोखमीवर. फांदी पडून जखमी झालेल्या एका बाईने भरपाई मागितली तेव्हा २०१२ मध्ये इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितले की जंगलात जे धोके स्वाभाविक असतात त्यांना जंगलाचा मालक जबाबदार नाही. त्याआधी २०११ मध्ये इथल्या प्रदूषण-नियंत्रणाच्या कायद्यातही एक दुरुस्ती झाली होती, तीनुसार बालवाडी किंवा खेळाच्या मैदानावरून येणारा मुलांचा आवाज हा सर्वसाधारणपणे उपद्रव मानला जात नाही. सोसायटीच्या आवारात खेळू न देणाऱ्या आपल्याकडच्या पदाधिकाऱ्यांना ही दुरुस्ती कोणीतरी वाचून दाखवावी.

योगायोग असा की महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदाही १९७५ चाच आहे. तो झाड तोडण्याआधी परवानगी घ्यायला लावतो, दर पाच वर्षांनी झाडे मोजायला सांगतो, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरील झाडाला वारसा वृक्षही मानतो. आमची चिंच त्यात नक्कीच बसेल. कायदा चांगला आहे, हवाच आहे. पण त्यात झाड आहे आणि झाड तोडणारा आहे, झाडावर चढणारे पोर कुठेच नाही. मग पोर पडले तर आपल्यावर येईल, या धास्तीने नगरसेवक, अभियंता, बागेचा ठेकेदार आणि सोसायटीचा सचिव असे सगळेच पाटी लावून मोकळे होतात. गल्लीने वाहिलेली जबाबदारी आता गल्ली वाहत नाही, आणि कायद्याने ती कोणाच्या अंगावर किती, हे ठरवून दिलेले नाही.

इथेही सगळे आलबेल नाही. माझ्या मुलीचे जंगल वेळापत्रकातले आहे. आठला न्यायचे, एकला आणायचे, दर महिन्याला शुल्क भरायचे. वाटेत भेटलेला अनोळखी मामा तिला उचलून घरी आणणार नाही. तो फार तर आपत्कालीन क्रमांकावर फोन करील. साताऱ्यातल्या सुट्टीत तिला जी आते-मामे भावंडे आठ दिवसांत मिळतात ती इथे वर्षभर मिळत नाहीत.

साताऱ्याला जाळीचा अनुभव नवा नाही. कास पठाराला २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, फुलांभोवती कुंपण उभे राहिले, आणि काही वर्षांनी ते काढावेही लागले. गुरांचे चरणे थांबले, गवत माजले आणि फुले कमी झाली, असे तिथल्या गावकऱ्यांचे म्हणणे होते. ओढ्याच्या झाडीत आमच्या पायांनी ज्या वाटा पडल्या होत्या त्या आता घाणेरीने बुजल्या आहेत, असे भाऊ सांगतो. जिथे मुले जात नाहीत तिथे दारूच्या बाटल्या आधी पोचतात, हे पहिल्या तटाने लक्षात घ्यावे; आणि झाडावर जे कधी चढलेच नाहीत ते उद्या उन्हाळ्यात वणवा लागला तर विझवायला धावतील का, हे दुसऱ्या तटाने.

बिबट्याची भीती खोटी नाही, आणि सांजवेळी लहान मुलांना एकटे सोडावे असे मी म्हणणार नाही. दिवसाउजेडी, चार मोठी माणसे आळीपाळीने ओढ्याकडे फेरी मारतील एवढी व्यवस्था गल्लीला जमण्यासारखी आहे, आणि त्या फेरीत मुलींना बारा वर्षांनंतरही येऊ द्यावे. जाळी घालायचीच असेल तर रस्त्याच्या बाजूने घाला, किल्ल्याची बाजू मोकळी ठेवा. दरवर्षी पावसाळ्याआधी सुतारकाकांसारख्या जाणत्या माणसाकडून वाळक्या फांद्या तपासून, रीतसर परवानगी काढून, उतरवून घ्या. घसरगुंडीला माझी हरकत नाही. पाटीवर काय लिहायचे ते मात्र मुलांना विचारून ठरवा, आणि तोवर ती रंगवायला देऊ नका.