कोल्हापूर म्हटलं की फक्त कुस्तीच का?

परवा पुन्हा तेच. "कोल्हापूरचा ना तू? मग कुस्ती सोडून फुटबॉलचं वेड कुठून लागलं?" पुण्यात आल्यापासून हा प्रश्न ऐकून ऐकून कान किटलेत.

अहो, आमच्याकडे तालमींच्याच फुटबॉल टीम आहेत! पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. पेठेतली पोरं तालमीच्या नावानं शाहू स्टेडियमवर उतरतात आणि अख्खी पेठ मागोमाग जाते. आजोबा बाबांना सायकलच्या दांडीवर बसवून मॅचला न्यायचे, बाबा मला स्कूटरवर पुढं उभं करून. तापलेल्या पायऱ्यांवर पेपर अंथरून बसायचं. शेंगदाण्याची पुडी माझ्याकडं. कॉर्नर मिळाला की बाबा माझा खांदा असा आवळायचे की रात्रीपर्यंत दुखायचा. आजी कधी स्टेडियमवर आली नाही, पण दारात पाऊल पडायच्या आत विचारायची, "काय झालं रं?" हरलो असलो तर त्या रात्री कुणी जेवताना बोलायचं नाही.

2017 च्या 17 वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला. बाबा टीव्हीसमोर उभेच होते, बसले नाहीत. हे विचारणाऱ्यांच्या गावीही नाही! चार वर्षांतून एकदा मेस्सीची जर्सी घालणारी ही माणसं मला ऑफसाइड समजावतात, तेव्हा डोकंच फिरतं.

आता कुणी विचारू दे, सरळ गाडीत घालून शाहू स्टेडियमवर नेतो.