वेर्नर म्योल्डर्सचा खून झाला नव्हता

दुसऱ्या महायुद्धावरच्या मजकुरांत ही कथा हमखास भेटते: जर्मनीचा नामांकित लढाऊ वैमानिक वेर्नर म्योल्डर्स श्रद्धाळू कॅथलिक होता, त्याने नाझींविरुद्ध पत्र लिहिले, म्हणून त्यांनी त्याचे विमान पाडून त्याला संपवले, सरकारने ते लपवले आणि तो हुतात्मा झाला. ती खोटी आहे, आणि खरी म्हणून पुढे पाठवली जाते याचा मला मनापासून राग येतो.

आधी ‘विमान पाडले’ हे बघू. नोव्हेंबर १९४१ मध्ये म्योल्डर्स जर्मन हवाई दलाचा बडा अधिकारी एर्न्स्ट उडेट याच्या अंत्यविधीसाठी क्रिमियाहून बर्लिनकडे निघाला. विमान हाइन्केल १११, दोन इंजिनांचे. तो त्यात नुसता प्रवासी. हवा खराब होती. २२ तारखेला वाटेत एक इंजिन बंद पडले आणि वैमानिक कोल्बेने ब्रेस्लाऊला, म्हणजे आजच्या व्रोत्सवाफला, उतरायचे ठरवले. उतरता उतरता दुसऱ्या इंजिनानेही दगा दिला. उंचावर असे झाले तर विमान तरंगत नेता येते, मोकळे शेत शोधता येते. जमिनीजवळ, ढगांच्या खाली, वेग आधीच कमी झालेला असताना तेवढी सवड मिळत नाही. म्योल्डर्स, कोल्बे आणि यंत्रज्ञ असे तिघे गेले, दोघे वाचले.

‘पत्रामुळे मारले’ तर मुळीच टिकत नाही. ते पत्र पुढे आले जानेवारी १९४२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. ब्रिटिश प्रचारखात्यातल्या सेफ्टन डेल्मरच्या गटाने ते बनवले आणि ब्रिटिश विमानांनी जर्मनीवर टाकले. युद्धानंतर डेल्मरने हे स्वतः सांगितले. म्योल्डर्स जिवंत असताना जे पत्र नव्हतेच, त्यापायी त्याला मारणार कसे?

‘नाझी सरकार खोटे बोलत होते’ हे मात्र खरे. उडेटने १७ नोव्हेंबरला स्वतःवर गोळी झाडून घेतली होती आणि जाहीर झाले की नव्या शस्त्राच्या चाचणीत तो गेला. लोकांना संशय येणे साहजिकच होते. पण म्योल्डर्सच्या बाबतीत त्या संशयाला पुरावा नाही.

राहिला ‘हुतात्मा’. त्याची श्रद्धा खरी होती, तसेच स्पेनच्या यादवी युद्धात हुकूमशहा फ्रँकोच्या बाजूने लढणेही. त्या लढण्यामुळेच २००५ मध्ये जर्मन हवाई दलाच्या एका तुकडीला दिलेले त्याचे नाव काढण्यात आले. श्रद्धेपायी प्राण गमावलेला माणूस हवा असेल तर बर्लिनचे धर्मगुरू बर्नहार्ड लिश्टेनबर्ग यांच्याबद्दल वाचा. ज्यूंसाठी ते उघडपणे प्रार्थना करत. म्योल्डर्सच्या अपघाताच्या महिनाभर आधी त्यांना अटक झाली, आणि नोव्हेंबर १९४३ मध्ये दाखाऊच्या छळछावणीकडे नेताना वाटेतच त्यांचा मृत्यू झाला.