उंची पाच-सात, म्हणून फ्रेम ५४?

पावसाळा सरला की सायकलिंगच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. वर लिहिलेलं असतं, ‘रोडबाइक घेताय? फिटिंगवर (शरीराच्या मापाने सायकल जुळवून घेण्यावर) पैसे घालवू नका.’ खाली पाच नियम: उंचीच्या तक्त्यातून साइज निवडा, दांडीवर उभं राहून दोन बोटं अंतर राहतं का बघा, कोपर सॅडलच्या म्हणजे सीटच्या टोकाला लावून बोटं हँडलला टेकतात का बघा, शंका आली तर लहान फ्रेम घ्या, आणि हात-मान दुखली तरी घाबरू नका, ५०० किलोमीटरमध्ये सवय होते. गेल्या आठवड्यात तो मला तिसऱ्यांदा आला, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो. यातला शेवटचा नियम पाळून मी हात पोळून घेतले आहेत, आणि इथे खरोखर प्रश्न हातांचाच होता.

आधी तक्ता. ५ फूट ७ इंच उंची म्हणजे ५४ सेंटिमीटरची फ्रेम, असं तो सांगतो. माझी उंची तेवढीच, माझ्या मामेभावाचीही तेवढीच. एकदा आम्ही दोघं अनवाणी भिंतीला टेकून उभे राहिलो, जाडजूड शब्दकोश मांड्यांमध्ये वर दाबून धरला आणि त्याच्या वरच्या कडेशी पेन्सिलने खूण केली. जमिनीपासून माझं माप ८२ सेंटिमीटर, त्याचं ७७. टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखलं जाणारं एक जुनं सूत्र आहे: या मापाला ०.८८३ ने गुणलं की बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे जिथे फिरतात त्या जागेच्या) मध्यापासून सॅडलच्या माथ्यापर्यंतचं अंतर मिळतं. ते काही ब्रह्मवाक्य नव्हे, पण सुरुवात करायला चांगलं. माझं उत्तर ७२.४, त्याचं ६८. शिवाय उंची सारखीच, म्हणजे पायांत मला जे जास्त मिळालं ते धडात कमी पडलं. मला सॅडल उंच लागतं आणि हँडल उंच नि जवळ. त्याला सॅडल खाली आणि हँडल लांब असलं तरी चालतं. तक्ता मात्र दोघांच्या हातात एकच ५४ ठेवतो.

मुळात हे ५४ म्हणजे काय? दांडी जमिनीला समांतर असायची त्या काळात सीटखालच्या नळीची लांबी हेच फ्रेमचं माप होतं. आपल्याकडच्या बावीस इंची, चोवीस इंची सायकलींचं गणितही तेच. १९९०च्या दशकाच्या शेवटी जायंट या सायकल कंपनीने मागे उतरत जाणारी दांडी रोडबाइकवर रुळवली, नळी आखूड झाली आणि आकडा नुसता नावाला उरला. आज बघायचे ते दोन आकडे: स्टॅक आणि रीच. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून हेडट्यूबच्या (हँडलखालच्या नळीच्या) माथ्यापर्यंत सरळ उभं अंतर म्हणजे स्टॅक, आडवं अंतर म्हणजे रीच. डॅन एम्पफील्ड या अमेरिकी सायकल डिझायनरने ही जोडी प्रचारात आणली. स्पेशलाइज्ड टारमॅक एसएल७ ची ५४ घ्या: स्टॅक ५४४ मिलिमीटर, रीच ३८४. ट्रेक डोमानेची ५४ घ्या: स्टॅक सुमारे ५७५, रीच ३७४. आकडा एकच, हँडलच्या उंचीत तीन सेंटिमीटरचा फरक.

इथे एक गंमत आहे. हेडट्यूब मागे कललेली असते, त्यामुळे स्पेसरच्या (हँडल वर उचलायला खाली घालतात त्या कड्यांच्या) दर सेंटिमीटरमागे हँडल सुमारे तीन मिलिमीटर जवळ येतं. टारमॅकवर तीन सेंटिमीटर स्पेसर चढवले की रीच ३७५ वर येतो, म्हणजे जवळजवळ डोमानेच. तेव्हा स्टॅक न बघता नुसत्या रीचची तुलना करू नका. आणि वापरलेली सायकल घेत असाल तर स्टिअरर, म्हणजे हेडट्यूबमधून वर येणारी फोर्कची नळी, आधी बघा. कापलेली नळी वाढत नाही.

दोन बोटांच्या अंतराबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. दांडी सरळ होती तेव्हा त्याला अर्थ होता. उतरत्या दांडीवर चुकीच्या साइजची फ्रेमही ही परीक्षा पास होते.

कोपराचा नियम तर सॅडल बदललं की बदलतो. जुन्या धाटणीचं सॅडल २७ ते २८ सेंटिमीटर लांब, हल्लीची आखूड नाकाची २४ च्या आसपास. तुमचा हात तोच, बसायची जागा तीच, उत्तर मात्र तीन सेंटिमीटरने वेगळं. ओळंबा लावून गुडघा पेडलच्या बरोबर वर आणायचा सल्लाही याच जातकुळीतला. कीथ बॉन्ट्रेगर या सायकल डिझायनरने त्याला फार पूर्वीच मिथक म्हटलंय: रिकम्बंट सायकलवर माणूस आडवा पडून पेडल मारतो, तिथे कुठला ओळंबा लावणार?

‘लहान फ्रेम घ्या’ यात थोडं तथ्य आहे, हे कबूल. सीटपोस्ट (सॅडलखालचा दांडा) वर ओढता येतो, स्टेम (हँडलला स्टिअररशी जोडणारा तुकडा) लांब लावता येतो. पण एक साइज खाली आलं की स्टॅक सहसा दीड-दोन सेंटिमीटरने उतरतो आणि रीच जेमतेम चार-सहा मिलिमीटर कमी होतो. आखडलेल्या पाठीच्या माणसाला जे नको असतं नेमकं तेच पदरात पडतं. लांब हात आणि लवचीक कंबर असेल तर खुशाल लहान घ्या.

आता सवय. स्नायूंना सवय होते, सॅडलवरच्या हाडांनाही होते. दबलेल्या नसेला होत नाही. माझी पहिली ५४ एका दुकानातून तक्ता बघूनच घेतली होती. हँडल खाली, त्यामुळे वजन सगळं तळव्यांवर. ५०० किलोमीटर उलटले, ७०० झाले. एका रविवारी सिंहगड उतरताना ब्रेक ओढतोय की बोटं लिव्हरवर नुसती टेकलीत, तेच कळेना. खाली गोळेवाडीला हेल्मेटचं बक्कल सुटेना, सोबतच्या मुलाने सोडून दिलं. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं. तळव्याच्या बाहेरच्या कडेने जाणारी अल्नर नस दबली की हेच होतं.

स्टिअरर कापलेला होता, त्यामुळे स्पेसरचा मार्ग बंद. स्टेम उलटा करून दोन सेंटिमीटर मिळाले, तेवढ्याने भागलं नाही. शेवटी ती सायकल मामेभावाला दिली. त्याने सॅडल साडेचार सेंटिमीटर खाली घेतलं, स्टेम पुन्हा पहिल्यासारखा लावला, आणि पुढच्याच महिन्यात तिच्यावर २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, केली. मी विचारलं, बोटांना मुंग्या? तो म्हणाला, कसल्या मुंग्या?