ताई, आमच्या वावरातली दिवाळीही लिहा

दिवाळी अंकांत कथा लिहिणाऱ्या ताईंची मुलाखत दोनदा वाचली. दिवाळी अंकाची कथा ताई वैशाखात घाम पुसत लिहितात, हे वाचून हसू आलं. आमच्या यवतमाळकडे वैशाखात पंख्याखालीही पेन धरवत नाही. पण अंक वेळेवर निघायचा तर मजकूर आधीच लागणार. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकानं दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हापासून लेखकांची दिवाळी भर उन्हाळ्या-पावसाळ्यातच होत असेल!

तक्रार एकच. ताईंच्या आवडीत उटणं, आकाशकंदील, चकली, कथांतही तेच. आमच्याकडे ऐन दिवाळीत कापूस फुटतो. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा करून, दहीभात शिंपडून वेचणी सुरू होते. पहिला कापूस विकला तर पोरांना कपडे, नाही तर उधारी. पाडव्याला गायगोधन, म्हणजे गुरांची पूजा, रंगवलेल्या शिंगांची गुरं, गुरं राखणाऱ्या गोवाऱ्यांची पूजेची ढाल. माझी माय लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही दुपारपर्यंत वावरात असायची. बोंडांनी ओरखडलेल्या त्याच बोटांनी संध्याकाळी करंज्या वळायची, अन् तिखटाचा हात लागला की नुसती फुंकर मारायची. हे मला अंकांत फारसं सापडत नाही बाप्पा.

ताई, वेचणीच्या दिवसांत या इकडं. वही राहू द्या घरी. वेचलेला कापूस टाकायला कमरेला ओटी बांधावी लागते, त्याला जुनं लुगडं आम्ही देऊ.